बीएमसी झालं, आता पुढे काय? माउंटन गाईड व्हायचा रस्ता

घरी पहिल्यांदा सांगितलं की मी बीएमसी करतोय तर आईला वाटलं पोरगा मुंबई महापालिकेत लागला, दोन दिवस ती शेजारी-पाजारी सांगत होती. नंतर कळलं की हे बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स नावाचं प्रकरण आहे, अठ्ठावीस दिवस घरदार सोडून बर्फात जायचं आणि त्याचे पैसे पण आपणच भरायचे, मग तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

हे सांगायचं कारण असं की आता उलटं झालंय. पोरं बीएमसी करून येतात, बॅज लावून फोटो टाकतात आणि खाली बायोमधे 'सर्टिफाईड माउंटन गाईड' लिहितात. आणि मग मला मेसेज येतो की दादा, सर्टिफिकेट मिळालं, आता हिमालयात ग्रुप घेऊन जाऊ का. नको जाऊ बाबा. बेसिकचं सर्टिफिकेट म्हणजे तुम्ही चांगले विद्यार्थी होता एवढंच, दुसऱ्याचा जीव तुमच्या दोरीला बांधायची परवानगी नाहीये ती. आपल्याकडे ड्रायव्हिंगसारखं 'गाईडचं लायसन्स' असं एकच एक कार्ड नाही जे कुठेही दाखवलं की काम झालं, ते तुकड्या-तुकड्याने उभं करावं लागतं आणि त्याला माझ्या हिशोबाने चार-पाच वर्षं लागतात. ते कसं करायचं ते लिहितोय, माझ्या चुकांसकट.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा. ट्रेक लीडर वेगळा आणि माउंटन गाईड वेगळा. राजगड, कळसूबाई, केदारकंठा, हर की दून अशा पायवाटेच्या ठिकाणी लोकांना सुखरूप नेऊन आणणारा तो ट्रेक लीडर. आणि जिथे दोर, क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली लावायचे धातूचे काटे, आईस अ‍ॅक्स लागते, ग्लेशिअरवर भेगा असतात, तिथे क्लायंटला दोरीला बांधून नेणारा तो गाईड. जगात पण या दोन वेगळ्या संघटना आहेत. दोरवाल्या गाईड लोकांची आयएफएमजीए, 1965 साली युरोपातल्या आल्प्सच्या देशांनी मिळून काढलेली, आणि पायवाटवाल्या लीडर लोकांची युआयएमएलए, जिच्या कार्डावर ग्लेशिअर आणि दोरीचं काम करताच येत नाही. म्हणजे तिकडे पण ट्रेक लीडर हा कमी दर्जाचा गाईड नाही, वेगळा धंदा आहे. तुम्हाला यातलं काय व्हायचंय ते आधी ठरवा, कारण शिक्षण आणि खर्च दोन्ही त्यावर ठरतं.

आता सुरुवात. थेट उत्तरकाशीच्या संस्थेचा फॉर्म भरू नका, आधी इथे आपल्या सह्याद्रीत कातळ हाताळा. मुंबईवाल्यांना मुंब्र्याचा कडा आहे, पुण्यातले क्लब आहेत, गिरिविहार (1954 पासून आहे), गिरिप्रेमी अशा जुन्या संस्थांची रॉक क्लायंबिंगची शिबिरं होतात, त्यातलं एखादं दोन-तीन दिवसांचं करा. का, तर गाठी. फिगर ऑफ एट, क्लोव्ह हिच, बोलाईन, प्रुसिक या चार गाठी डोळे मिटून आल्या पाहिजेत. मी घरी गॅलरीच्या ग्रिलला स्लिंग बांधून टीव्ही बघता बघता करायचो, नंतर लोकरीचे हातमोजे घालून करायला लागलो, बायको म्हणायची वेड लागलंय. पण बर्फात पहाटे बोटं बधिर असतात तेव्हा तेच वेड कामाला येतं.

फिटनेसचं म्हणाल तर जिममधला बायसेप तिकडे काही कामाचा नाही. पाच किलोमीटर अर्ध्या तासाच्या आत धावता आलं पाहिजे आणि पाठीवर पंधरा किलो घेऊन तीन-चार तास न कुरकुरता चढता आलं पाहिजे. पुण्यातल्या लोकांना सिंहगडाची आतकरवाडीची वाट आहेच, सॅकमधे पाण्याच्या बाटल्या भरून वर जायचं आणि वर गेल्यावर पाणी झाडांना ओतून रिकामी सॅक घेऊन उतरायचं, म्हणजे चढताना वजन मिळतं आणि उतरताना गुडघे वाचतात. आठवड्यातून दोनदा, तीन महिने. आणि दात दाखवून घ्या डेंटिस्टला, हसू नका, बारा हजार फुटांवर दाढ ठणकायला लागली की कोर्स संपतो, मी बघितलंय.

बेसिक कुठे करायचं? आपल्याकडची मोठी नावं म्हणजे दार्जिलिंगची एचएमआय म्हणजे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, जी 1954 मधे सुरू झाली आणि जिथे तेनझिंग नोर्गे पहिले फील्ड ट्रेनिंगचे डायरेक्टर होते, उत्तरकाशीची निम म्हणजे नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग, 1965 ची, मनालीची अटल बिहारी वाजपेयी इन्स्टिट्यूट, पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूट आणि अरुणाचलात दिरांगची निमास. यातलं कुठलं भारी यावर लोक रात्रभर भांडू शकतात, माझं मत एवढंच की ज्याची तारीख तुम्हाला मिळतेय ते भारी. पाचही ठिकाणचं सर्टिफिकेट सगळीकडे चालतं. महाराष्ट्रातली बरीच पोरं निमला जातात कारण दिल्ली-डेहराडूनवरून सोपं पडतं, पण तिथल्या जागा खूप आधी भरतात, त्यामुळे पुढच्या वर्षीचा विचार या वर्षीच करा. वय साधारण सोळा-सतरा ते चाळीस, संस्थेप्रमाणे थोडं मागे-पुढे. कोर्स सव्वीस ते अठ्ठावीस दिवसांचा. सॅक, स्लीपिंग बॅग, बूट, हार्नेस म्हणजे दोर बांधायचा कमरेचा पट्टा, आईस अ‍ॅक्स हे सगळं संस्था देते त्यामुळे महागडं सामान आधीच विकत घेऊन बसू नका, आपले कपडे, चांगले मोजे आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी एवढं न्या. चटणीवरून तिथे अख्ख्या रोपशी दोस्ती होते.

रोप म्हणजे तुमची पाच-सात जणांची टीम, महिनाभर तीच. पहिले काही दिवस संस्थेत पीटी, लेक्चर, मग कातळावरचं काम, निमला असाल तर टेकलाला रोज सॅक घेऊन चालत जायचं, तिथे क्लायंबिंग, रॅपलिंग म्हणजे दोरावरून उतरणं, जुमारिंग म्हणजे पकडीच्या साधनाने दोरावरून चढणं. मग वर, भुक्की, तेल कॅम्प, गुज्जर हट करत करत ग्लेशिअरच्या बेस कॅम्पला. दार्जिलिंगला असाल तर सिक्कीममधून युकसम, बाखिम, झोंगरी करत चौरीखांगला, तिथून राथोंग ग्लेशिअर. बर्फावर पाय कसा टाकायचा, घसरलात तर आईस अ‍ॅक्सने स्वतःला कसं थांबवायचं (हे शंभर वेळा करून घेतात, पॅंटची वाट लागते), क्रॅम्पॉन, बर्फात अँकर, हे सगळं तिथे होतं.

आणि आता ग्रेड, कारण सगळा खेळ तिथे आहे. ए ग्रेड मिळाली तरच पुढचा अ‍ॅडव्हान्स कोर्स करता येतो. बी मिळाली की सर्टिफिकेट मिळतं पण पुढचं दार बंद, बेसिक परत करावं लागतं. मला पहिल्यांदा बी मिळाली. रोपमधे सगळ्यात फास्ट मी होतो, क्लायंबिंगमधे पहिला, रनिंगमधे पहिला, आणि शेवटच्या दिवशी बी ऐकून मला वाटलं की सरांनी माझ्यावर खुन्नस काढली. सर म्हणाले, तू बहुत तेज है, पर पीछे नहीं देखता. आठवून बघितलं तर खरं होतं. एकदा माझ्या मागच्या मुलाच्या कॅराबिनरचं म्हणजे दोर अडकवायच्या कडीचं लॉक उघडं होतं आणि ते मी बघायला हवं होतं, बडी चेक म्हणतात तो, मी न बघताच निघालो होतो, सरांनी खालून ओरडून थांबवलं. दोन वर्षांनी परत पैसे साठवून परत बेसिक केलं, तेव्हा पहिला यायचा नाद सोडला आणि ए मिळाली. त्यामुळे सांगतो, तिथे वेग मोजत नाहीत. रोपमधल्या आजारी माणसाचं वजन कोण उचलतं, किचनमधे भांडी घासायला कोण पुढे येतं, पहाटे फॉलिनला म्हणजे हजेरीच्या रांगेला कोण उशिरा येतं, लेखी परीक्षेत इक्विपमेंटची नावं धड लिहिता येतात का, याचे मार्क असतात. आणि सगळं हिंदीत चालतं, आपली मराठी पोरं 'मेरेको' 'तेरेको' म्हणायला लाजून गप्प बसतात आणि सरांना वाटतं याला काही समजत नाही. बोला बिनधास्त, व्याकरणाचे मार्क नसतात.

अ‍ॅडव्हान्स म्हणजे एएमसी, परत साधारण अठ्ठावीस दिवस, पण इथे शिखराचा प्रयत्न असतो, फिक्स रोप लावणं म्हणजे चढावर दोर पक्का बांधून ठेवणं, भेगेत पडलेल्या माणसाला ओढून काढणं, मोहिमेचं प्लॅनिंग, रेशनचा हिशोब. आणि इथे धोका पण खरा असतो हे घरच्यांपासून लपवू नका. 4 ऑक्टोबर 2022 ला निमच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सची टीम द्रौपदी का डांडा-2 या 5,670 मीटरच्या शिखरावर असताना हिमस्खलन झालं आणि पंचवीसपेक्षा जास्त जण गेले, त्यात शिकणारे होते तशा शिकवणाऱ्या पण होत्या. एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांत केलेली सविता कंसवाल त्यात होती. संस्थेचा कोर्स आहे म्हणजे सेफ आहे असं डोंगराला माहीत नसतं.

ए ग्रेडने अ‍ॅडव्हान्स झाला की दोन कोर्स उघडतात, एमओआय आणि सर्च अँड रेस्क्यू, दोन्ही साधारण तीन आठवड्यांचे. बहुतेक लोक अ‍ॅडव्हान्सवर थांबतात आणि माझ्या मते तिथेच चुकतात. एमओआय म्हणजे मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे शिकवायचं कसं ते शिकायचं. तुम्हाला एक विषय देतात, समजा बिले म्हणजे चढणाऱ्याची दोरी सांभाळणं, आणि सगळ्यांसमोर उभं करतात, शिकव म्हणतात. मी स्वतः शेकडो वेळा बिले दिलेला माणूस तिथे पाच मिनिटांत घामाघूम झालो, कारण हात करत होते पण का करतोय ते तोंडातून येईना. क्लायंटबरोबर रोज हेच करायचं असतं, एका बँकेतल्या काकांना आणि त्यांच्या कॉलेजमधल्या मुलीला एकाच वेळी, दोघांना कळेल असं सांगायचं, आणि घाबरवायचं पण नाही. गाईडच्या कामात चढाई वीस टक्के, बाकी हेच.

यानंतरचा तुकडा बरेच जण विसरतात तो म्हणजे फर्स्ट एड. सोसायटीत होतं तसलं दोन तासांचं नाही. वाइल्डरनेस फर्स्ट एड हा दोन-तीन दिवसांचा आणि वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर हा साधारण आठ-दहा दिवसांचा, हा दुसरा करा, मसुरीजवळ लंढौरला वुडस्टॉक शाळेच्या हनिफल सेंटरला होतो आणि इतर ठिकाणी पण होतात. महाग आहे, पण हॉस्पिटल दोन दिवस लांब असेल तर काय करायचं हे दुसरीकडे कुठे शिकवत नाहीत. हे सर्टिफिकेट दोन-तीन वर्षांनी संपतं, रिन्यू करावं लागतं, आणि ते बरंच आहे. उंचीवरचा आजार नुसता पाठ करून ओळखू येत नाही. डोकं दुखतंय, भूक नाही, हे साधं एएमएस. पण माणूस सरळ रेषेत चालू शकत नाहीये, बोलताना अडखळतोय, तर मेंदूला सूज आहे, आणि बसल्या बसल्या धाप लागतेय, खोकल्यात फेस येतोय, तर फुफ्फुसात पाणी आहे, आणि दोन्हीला खरा उपाय एकच, खाली उतरवा. सकाळी बघू नाही. रात्रीच्या रात्री.

आता सह्याद्रीचं बोलतो, कारण हिमालयातले कोर्स करून आलेले लोक इथे येऊन तोंडावर पडतात. संस्थेत बर्फ शिकवतात, आपल्याकडे बर्फ नाहीये, आपल्याकडे मे महिन्यातलं ऊन आहे, घसारा आहे, पावसात शेवाळलेला कातळ आहे, धुक्यात हरवणाऱ्या ढोरवाटा आहेत आणि मधमाश्या आहेत. आग्यामोहोळ उठलं की तुमचा एएमसीचा ए ग्रेड काही करू शकत नाही, तिथे फक्त आधीची काळजी, म्हणजे परफ्युम नको, सिगारेट नको, शेकोटी नको, कड्याखाली आरडाओरडा नको, आणि उठलंच तर डोकं झाकून लांब पळायचं. हे सगळं कुठल्या कोर्सला मिळत नाही, ते गावातल्या वाटाड्यांकडून मिळतं. मी बेलपाड्याच्या एका मामांबरोबर हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने किती वेळा गेलो असेन, दरवेळी नवीन काहीतरी कळतं. एकदा आकाश स्वच्छ होतं आणि मामा म्हणाले आज नको, वरून पाणी येईल. ग्रुप चिडला, मी पण मनातून चिडलो, पण थांबलो. दुपारी घळीतून पाण्याचा लोंढा आला त्याचा आवाज आम्ही गावात बसून ऐकला. त्यामुळे गाईड व्हायचं असेल तर वर्षातले काही दिवस असे ठेवा की ज्यात तुम्ही क्लायंट आहात आणि मामा गाईड आहेत, त्यांना त्यांचे पैसे द्या आणि गुपचूप मागे चाला. रेस्क्यू बघायचा असेल तर लोणावळ्याच्या शिवदुर्गसारख्या टीमबरोबर सरावाला जाता येतंय का विचारा, एका रात्रीत पाच पुस्तकांइतकं शिकाल.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्राचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 मधे आलं, त्यात पर्यटन संचालनालयाकडे रजिस्ट्रेशन करावं लागतं, पण ते आयोजकाचं असतं, तुमच्या नावाचं गाईडचं कार्ड नाही. म्हणून ज्यांच्यासाठी लीड करताय त्यांचं रजिस्ट्रेशन आहे का, इन्शुरन्स आहे का हे विचारायची लाज वाटू देऊ नका. आणि ते इन्डेम्निटी बॉन्ड म्हणून जे कागद क्लायंटकडून सही करून घेतात त्यावर फार विसंबू नका, निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागू शकतं आणि तेव्हा पोलीस लीडरलाच शोधतात, ऑफिसमधे बसलेल्या माणसाला नंतर. हिमालयात तिथल्या राज्याचे नियम पण माहीत पाहिजेत, उदाहरणार्थ 2018 च्या ऑगस्टमधे उत्तराखंड हायकोर्टाने बुग्यालांवर म्हणजे वरच्या गवताळ कुरणांवर रात्रीचा मुक्काम बंद केला, आणि त्यामुळे ट्रेकचे कॅम्प कुठे लावायचे हा प्रश्नच बदलला.

परदेशात काम करायचंय असं पण बरेच जण विचारतात. आयएफएमजीएचा बॅज भारतात मिळत नाही आणि आपले कोर्स त्यात थेट धरले जात नाहीत. नेपाळची गाईड संघटना 2012 मधे त्याची सभासद झाली, त्यामुळे तिथले शेर्पा तो बॅज घेऊन आल्प्समधे पण काम करू शकतात. तिकडच्या पद्धतीत आधी तुमच्या स्वतःच्या चढायांची यादी बघतात, मग तीन-चार वर्षं तुकड्यांमधे ट्रेनिंग, मधे अ‍ॅस्पिरंट म्हणजे उमेदवार गाईड म्हणून मोठ्या गाईडच्या हाताखाली काम, मग फायनल परीक्षा. आणि कातळ, बर्फ याबरोबर स्कीइंग पण उत्तम लागतं, तिथे आपण मराठी माणसं अडकतो कारण आपण स्की पहिल्यांदा बघतो तेच पंचविशीत. शामोनीच्या गाईड लोकांची कंपनी 1821 ची आहे, मों ब्लांवर आदल्या वर्षी अपघातात गाईड गेले त्यानंतर उभी राहिलेली, म्हणजे त्यांची दोनशे वर्षांची तालीम आहे. जमत असेल तर जरूर जा, पण औली-गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स आत्तापासून सुरू करा.

लॉगबुक. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. साधी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक ट्रेकचं लिहा, तारीख, वाट, उंची, मी लीड होतो की टेल होतो की नुसता सदस्य, हवामान काय होतं, किती लोक, काय चुकलं. 'काय चुकलं' हा रकाना रिकामा असेल तर वही खोटी आहे असं मी समजतो. पहिली दोन वर्षं फक्त टेल मारा म्हणजे सगळ्यात मागे चाला, कारण दमलेला, घाबरलेला, खोटं बोलणारा (मी ठीक आहे, मी ठीक आहे म्हणणारा) माणूस मागेच असतो, पुढे चालणाऱ्याला तो कधी दिसतच नाही.

आणि परत फिरायचं शिका, याचा कोर्स नाही. 2024 च्या जूनमधे उत्तरकाशीकडच्या सहस्रतालला कर्नाटकातला बावीस जणांचा ग्रुप खराब हवामानात सापडला, नऊ जण गेले. त्यांनी काय करायला हवं होतं ते घरात बसून मी सांगणार नाही. पण त्यानंतर मी माझ्या प्रत्येक ट्रेकच्या आदल्या रात्री ग्रुपसमोर परत फिरायची वेळ जाहीर करतो, उद्या साडेअकराला जिथे असू तिथून मागे, टॉप दहा मिनिटांवर असला तरी. आधी सांगितलेलं असलं की भांडण कमी होतं. तरी होतंच. एकदा एका साहेबांनी मला एवढे पैसे भरलेत, वर नेलं नाही तर रिव्ह्यू टाकेन म्हणून धमकी दिली, म्हटलं टाका, आणि त्यांनी टाकला पण. अजून आहे, एक स्टार.

कमाईचं खरं सांगायचं तर बारा महिने काम पाहिजे असेल तर कॅलेंडर जुळवावं लागतं. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हिमालय, जुलै-ऑगस्टला लडाख नाहीतर सह्याद्रीतले पावसाळी ट्रेक, डिसेंबर ते फेब्रुवारी केदारकंठा, ब्रह्मताल असे बर्फाचे ट्रेक. पण तुमचे स्वतःचे कोर्स पण याच सीझनमधे असतात, म्हणजे कोर्स करायचा तर कमाई सोडायची. मी दर वर्षी एकच कोर्स घ्यायचो आणि बाकी दोन सीझन काम, त्यामुळे सगळं व्हायला सहा वर्षं लागली, त्यातली दोन वर्षं त्या बी ग्रेडची.

फॉर्म भरताना मेडिकलचं पान शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. त्यावर डॉक्टरांची सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर तिन्ही लागतात, आमच्यातल्या एकाचा नुसता शिक्का राहिला म्हणून फॉर्म परत आला आणि सीट गेली. आणि दमा असेल तर लपवू नका, लिहा.